तान्ह्या पोळ्याचं बोलावणं

बाळांनो,

तुमच्या शाळेनं भरून आणायला दिलेला कागद तुमच्या आईनं मला फोनवर दाखवला. ‘आजीचा व्यवसाय’ या रकान्यात तुम्ही ‘निवृत्त’ असं लिहिलं होतं. अक्षर सुंदर आहे, माहिती चुकीची आहे. पस्तीस वर्षं दारव्ह्याला इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले हे खरं. पण त्यानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा कामाला लागले, आणि गेली चार वर्षं पांढरकवड्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेला असलेल्या एका रिसॉर्टची मनोरंजन आणि उपक्रम व्यवस्थापक आहे. माझ्या टेबलावर तशी पितळी पाटी आहे. दर सोमवारी मी ती स्वतः पुसते.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या आईलाही नीट ठाऊक नाही. ती मैत्रिणींना सांगते, “आई तिकडे वेळ घालवायला जाते.” मी तिथे चाळीस-चाळीस माणसांचा वेळ सांभाळते. ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

रिसॉर्टचा मालक माझा जुना विद्यार्थी. घरची कापसाची जिनिंग सोडून त्यानं हा उद्योग काढला. एके दिवशी पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, “मॅम, तुम्ही तीनशे पोरांचं गॅदरिंग मिनिटाचाही उशीर न होता उरकायच्या. माझ्याकडे पाहुणे येतात, सकाळची सफारी करतात, वाघ दिसला नाही की तोंड पाडून परत येतात, आणि मग दिवसभर वायफाय चालत नाही म्हणून माझ्याशी भांडतात. तुम्ही या.”

मी गेले. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर फळा लावला आणि दोन्ही भाषांत वेळापत्रक लिहिलं. सहाला पक्षीफेरी, अकराला बोंडातून सरकी काढण्याची स्पर्धा, पाचला लगोरी किंवा खो-खो, सातला शेकोटीवर भाजलेले कणकेचे रोडगे. पहिल्या संध्याकाळी हिरवळीवर उभी राहून मी विचारलं, “लगोरी कोण कोण खेळणार?” सगळ्या माना मोबाईलमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. सगळ्यात आंबट चेहऱ्याचे एक निवृत्त इंजिनिअर खुर्चीत बसले होते, त्यांच्या हातात शिट्टी दिली आणि म्हटलं, “साहेब, पंच कुणी नाही. नियम तुम्हाला येत असतील.” दहा मिनिटांत ते स्वतःच्या जावयाला बाद ठरवून त्याच्याशी वाद घालत होते. जाताना त्यांनी ती शिट्टी मागून नेली. तेव्हापासून मी कुणालाही ‘खेळणार का’ असं विचारत नाही. आधी हातात काम देते, खेळ आपोआप सुरू होतो. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं शिकवली नाही, आणि तिचा मला अभिमान आहे.

पण हे जिच्याशिवाय चाललं नसतं, तिच्याबद्दल सांगायचं आहे. पाहुणे तिला ‘पक्षीवाली ताई’ म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. वय तिशीचं. गावाबाहेरच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीत, म्हणजे पोडावर, राहते. दहावी पास. ती आमच्याकडे भांडी घासायला आली होती. एका सकाळी एक पाहुणा महागडी दुर्बीण लावून झाडाकडे बघत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. ती हातातला तवा खाली न ठेवता म्हणाली, “साहेब, वरच्या फांदीवर नाई, खोडाच्या खळग्यात पाहा. घुबडाचं पिल्लू आहे. माय त्याची पल्याड बसली.” मी त्याच दिवशी तिचा तवा सोडवला. महिन्याभरात सहाची पक्षीफेरी तिची झाली. लोक वाघासाठी येतात आणि परत जाताना तिचं नाव विचारतात.

अडचण एकच होती. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, म्हणून रिसॉर्टही बंद. तीन महिने सगळ्यांना घरी पाठवायचं. मागच्या पावसाळ्यात पक्षीवाली नवऱ्याबरोबर तेलंगणात एका बांधकामावर गेली, तिसरीतल्या मुलीची शाळा बुडवून. परत आली तेव्हा तिच्या तळहातांना सिमेंटनं भेगा पडल्या होत्या. या वर्षी नवऱ्यानं सांगितलं होतं की असं अर्धवट काम असेल तर आता कायमचंच तिकडे जाऊ. मुलीचा दाखला काढायलाही तो एकदा शाळेत जाऊन आला होता.

मी मालकाकडे गेले. “तिला कायम कर.”

“मॅम, जंगल बंद म्हणजे पाहुणे बंद. मी पगार कशाचा देऊ?”

“पाहुणे आले तर?”

“कशाला येतील? चिखल बघायला?”

“पोळा बघायला.”

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. “ठीक आहे. पोळ्याला बारा खोल्या भरून दाखवा. आणि लोक खूश होऊन गेले पाहिजेत, नुसते येऊन नाही. तसं झालं तर यंदापासून पावसाळ्यात उघडं ठेवतो आणि तिला कायम करतो. नाही जमलं, तर मॅम, हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

मी बाहेर येऊन पक्षीवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बारा खोल्या? लय झाल्या ना, मॅडम,” आणि हात धुवायला निघून गेली.

बारा खोल्या भरल्या. नागपूर आणि हैदराबादच्या माझ्या जुन्या पाहुण्यांना मी एकेक फोन केला. मोठ्या पोळ्यापेक्षा त्यांना दुसऱ्या दिवसाचं आकर्षण जास्त वाटलं. तुम्ही तान्हा पोळा पाहिलेला नाही. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात लेकरांचा पोळा असतो. लाकडाचा बैल, त्याला चाकं, चाकांच्या गाडीला दोरी. सगळी लेकरं आपापले बैल सजवून तोरणाखाली रांग लावतात आणि मग घरोघर जातात. घरातली बाई बैलाचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर खाऊ किंवा नाणं ठेवते. त्या भेटीला बोजारा म्हणतात.

मी आखणी केली. पाहुण्यांच्या मुलांसाठी गावच्या सुताराकडून चौदा बैल करून घेतले, आदल्या दिवशी रंगवण्याचा वर्ग ठेवला. तोरण या वर्षी गावाच्या चौकाऐवजी आमच्या हिरवळीवर बांधायचं, गावातली मुलं आणि पाहुण्यांची मुलं एकाच रांगेत, असं ठरलं. सरपंच म्हणाले, “हाओ, येऊ ना.” मग मी पांढरकवड्याला जाऊन पत्रिका छापून आणल्या. गावातल्या आणि पोडावरच्या प्रत्येक उंबऱ्याला एक. ‘दुपारी ठीक चार वाजता.’

या पत्रिकांमागे माझं एक कारण होतं, तेही सांगून टाकते. धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांत माझे आजोबा होते. वडील शिकून दारव्ह्याला कारकून झाले. सुट्टीत आम्ही गावी जायचो तेव्हा मी पाहिलं आहे, लग्नकार्याचं बोलावणं आमच्या वस्तीत सगळ्यात शेवटी यायचं, तेही लांबून, रस्त्यावरून ओरडून. वडिलांना ते सहन होत नसे. पुढे त्यांच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाची छापील पत्रिका घरी आली, तेव्हा ती त्यांनी आरशाच्या चौकटीत कितीतरी दिवस खोचून ठेवली होती. इतरांना आली तीच पत्रिका, त्याच शाईतली. तेव्हापासून छापील कागद मला न्यायाचा वाटतो. तो कुणाला आधी आणि कुणाला नंतर हाक मारत नाही.

पत्रिका वाटून झाल्या त्या दिवशी पक्षीवाली माझ्या टेबलाशी घुटमळली.

“मॅडम, कागद गेला ते बरं झालं. पन त्या दिवशी बलावाले कोन जाईन?”

“बोलावलंय ना! वेळसुद्धा लिहिली आहे.”

“वेळ लिवली, हाओ. पन...”

“पण काय?”

“काही नाई.”

पस्तीस वर्षं वर्गात उभं राहूनही मुलाच्या ‘काही नाही’चा अर्थ मला कळला नसेल तर दोष कुणाचा? मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले.

मोठा पोळा छान झाला. पाहुण्यांनी शिंगांचे गोंडे आणि झुलींचे फोटो काढले, पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी हिरवळीवर होते. आंब्याच्या पानांचं तोरण दोन बांबूंवर ताणलेलं, खुर्च्या चार रांगांत, चौदा मुलं आपापले बैल घेऊन तयार. पाऊस सकाळी पडून थांबला होता. मालक पहिल्या रांगेत, पांढरे बूट घालून.

चार वाजले. फाटकाकडे कुणी नाही.

सव्वाचार झाले. मी मुलांकडून बैलांची नावं ठेवून घेतली. साडेचारला एका आईनं विचारलं, “खेड्यातले लोक असेच असतात ना, वेळेचं काही नाही?” मला ते आवडलं नाही, पण माझ्याही मनात तेच चाललं होतं. त्याहून वाईट म्हणजे, मला वाटलं गावानं ठरवून आम्हाला टाळलं. रिसॉर्टची हिरवळ त्यांना परकी वाटली असेल, तोरण चौकातून हलवलं त्याचा राग असेल. मालक घड्याळ बघत नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. त्यानं मनात निकाल लावून टाकला होता.

इतक्यात पक्षीवाली फाटकातून धावत आली. पदर खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

“मॅडम, काहून थांबल्या तुमी?”

“मी थांबले? मी चारपासून उभी आहे. थांबलेत ते लोक!”

“ते तुमची वाट पाहून राह्यले! पोट्टे दोन वाजल्यापासून नवे कपडे घालून ओट्यावर बसले. बैल सजले, बाया सजल्या. माही पोरगी तं रडून राह्यली.”

“अगं, मग यायचं ना! पत्रिकेत चार लिहिलं होतं.”

“पत्रिका म्हंजे आवतन. आवतन झालं. मंग त्या दिवशी घरचं मानूस दारात येऊन म्हनते, ‘चला, पानं मांडली.’ तवा उठतेत लोक. त्याच्या बिगर कोन उठून जाईन? भुकेले आहो का आमी?”

हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या आजीच्या गावातही हेच होतं. पहिलं सांगणं हे नुसतं सांगणं. दुसरं, ऐन वेळी दारात येऊन केलेलं, ते खरं. मी लहानपणी फक्त उशिरा येणारी हाक पाहिली आणि तिच्यावर इतकी रागावले, की हाक मारायचीच विसरले.

“मग तूच का नाही बोलावलंस?” मी विचारलं.

“मी बलावलं असतं तं ते माहं बलावनं झालं असतं. कार्यक्रम तुमचा.”

मी चपला काढून हातात घेतल्या. मालक उठून जवळ आला. “मॅम, रद्द करायचं का?”

“तू बस.”

“अहो, पण किती वेळ?”

“अरे, बस म्हटलं ना!” मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, आणि तो बसला. तीस वर्षांनंतरही तो आवाज चालतो हे बघून मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं.

मी निघाले तशी पाहुण्यांची मुलं मागे आली. “आजी, आम्ही पण!” एक डॉक्टरबाई म्हणाल्या, “अगं, बूट खराब होतील,” आणि त्यांचे यजमान म्हणाले, “होऊ दे.” चौदा बैलांची चाकं खडखडत फाटकाबाहेर पडली. चिखलात ती फिरेनात, तेव्हा मुलांनी बैल कडेवर घेतले.

रस्ता पुढे दुभंगतो. उजवीकडे गाव, डावीकडे पोड. पक्षीवाली न विचारता उजवीकडे वळली.

“पहिले मोठ्या घरी जा लागते,” ती म्हणाली. मोठं घर म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं, मानाचं कुटुंब. “मंग मधली गल्ली. मंग पोड.”

“पोड शेवटी?”

“पोड नेहमी शेवटीच असते ना.”

मी थांबले. माझ्या मागे चौदा मुलं थांबली. “आपण डावीकडून सुरुवात केली तर?”

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “मोठ्या घरचे रागावतीन, मॅडम. ते नाई आले तं अर्धा गाव येत नाई. तिकडं मालक पाहून राह्यला. काम माहं जाईन.”

ती बरोबर बोलत होती. तत्त्व माझं होतं आणि किंमत तिला मोजावी लागणार होती. असं कुणाच्या जिवावर तत्त्ववादी होणं मला जमत नाही. मी म्हटलं, “काम तुझं आहे. तू सांगशील तिकडे जाऊ. उजवीकडे म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही.”

तिनं एका मुलाच्या कडेवरून घसरणारा बैल नीट करून दिला आणि डावीकडे वळली. “चला पोडावर. पोरगी रडून राह्यली माही.”

पोडावरच्या पहिल्या दारात मी हात जोडून म्हटलं, “चला, तोरण बांधलंय. तुमच्यासाठी थांबलोय.” आतून उत्तर आलं, “आलो ना, बाई, आलोच!” आणि इतक्या वेगानं सगळं घर बाहेर आलं की ते दाराआडच उभे असावेत. पक्षीवालीची मुलगी तोंड पुसत बैल घेऊन आली. तिचा बैल घरीच कोरलेला होता, एक कान जरा मोठा. पण आमच्या मुलांना बघून त्या लोकांना वाटलं की ही पोरं बोजारा मागायला आली आहेत. आणि दारात आलेल्या बैलाला तसंच परत पाठवायचं नसतं. दुसऱ्या घरची बाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं हैदराबादच्या एका मुलाच्या बैलाचे पाय धुतले, त्याला कुंकू लावलं आणि मुलाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. त्या मुलानं मला हळूच विचारलं, “आजी, हे खरंच माझ्यासाठी आहे?”

त्यानंतर वेळापत्रकाचं काय झालं, ते मी सांगत नाही. प्रत्येक दारात मी बोलवायची, प्रत्येक दारात बैलांचे पाय धुतले जायचे, आणि प्रत्येक घर आमच्या मागे लागायचं. मधल्या गल्लीत पोहोचलो तेव्हा मागचं टोक मला दिसत नव्हतं.

मोठ्या घरच्या आजी ओट्यावर काठी टेकून बसल्या होत्या.

“आल्या का?” त्या म्हणाल्या. “पोडावरून फिरून? येताना आमचं घर दिसलं नाई का?”

“दिसलं, मावशी. चूक झाली माझी. कागद पाठवला आणि घरी बसून राहिले.”

“ते तं झालंच. शिकेल-सवरेल बाई, अन् बलावाचं समजत नाई! पन मी कागदाचं नाई इचारून राह्यली. पोडाचं इचारून राह्यली.”

पक्षीवाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, “कुणाला तरी पहिलं बोलवावं लागतं, मावशी. यंदा त्यांना बोलावलं.”

आजींची नजर माझ्या पदराआड उभ्या असलेल्या नागपूरच्या सहा वर्षांच्या मुलावर गेली. त्याचा बैल निळाभोर होता.

“हा कोनता बैल, रे?”

“पोलिसांचा,” तो म्हणाला.

“पोलिसांचा?” आजींचं सगळं अंग हललं हसताना. “मंग तं बोजारा द्याच लागन, बाप्पा! नाई तं धरून नेईन मले.” त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः वाकून पाय धुतले. रंग कच्चा होता, कारण रंगवण्याच्या वर्गासाठी पाण्याचे रंग मीच आणले होते. आजींचे दोन्ही हात निळे झाले. मुलाचा ओठ थरथरला. “रडतं काहून? न्हाला तुहा बैल,” आजी म्हणाल्या, आणि आत वळून त्यांनी नातवंडांना हाक मारली. चार नातवंडं बैल घेऊन आली, सुनाही आल्या. त्या घरचे आजोबा मात्र आले नाहीत. ते आजही रस्त्यात भेटले की माझ्याशी मोजकंच बोलतात. ते मला चालतं.

चौकात पोहोचेपर्यंत सहा वाजत आले होते, लहान मुलं दमली होती. गावात पोळ्याला झडत्या म्हणणारे एक म्हातारबुवा आहेत. झडती म्हणजे तोरणाखाली म्हणायची टोमण्याची कविता. ते म्हणाले, “पोट्टे थकले. तोरन इथंच आना.” निरोप गेला. आणि थोड्या वेळानं मी जे पाहिलं ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. रिसॉर्टचा मालक, बांबूचं एक टोक खांद्यावर घेऊन, पांढरे बूट तांबडे करत येत होता. दुसरं टोक डॉक्टरबाईंच्या यजमानांच्या खांद्यावर. आणि मागून उरलेले सगळे पाहुणे.

तोरण चौकात बांधलं. म्हातारबुवांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून सुरू केलं:

“कागद आला दारावर,
मॅडम बसली खुर्चीवर,
बैल म्हने धन्याले,
बलावनं गेलं कोन्या गावाले?
चिखल तुडवत आली बाई,
आता रुसाले जागा नाई!”

सगळा चौक ओरडला. मी पस्तीस वर्षं टाळ्या मिळवल्या आहेत, शिक्षक दिनाला हारही घेतले आहेत. त्यातलं काही त्या टोमण्याइतकं मला गोड लागलं नाही. मग तोरण उचललं गेलं आणि बैल निघाले. निळे, पिवळे, जुने, नवे, मोठ्या कानाचा एक, सगळे एकमेकांच्या दोऱ्यांत अडकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक पाहुणे निघाले. मालक अभिप्रायाची वही घेऊन माझ्या टेबलाशी आला. पक्षीवाली दाराशी उभी होती, तिला मीच थांबायला सांगितलं होतं.

“मॅम, हे वाचा.” एका पाहुण्यानं लिहिलं होतं: कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू, खुर्च्या वाया, मुलीचे बूट वाया.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “उशीर माझ्यामुळे झाला. तो माझ्या नावावर लिही, हिच्या नाही. हिनं मला आधीच सांगितलं होतं.”

“पुढचं पान वाचा.”

पुढच्या पानावर डॉक्टरबाईंचं अक्षर होतं, त्यामुळे मला जरा वेळ लागला. पुढच्या वर्षीसाठी त्यांनी पाच खोल्या आत्ताच सांगून ठेवल्या होत्या. त्याखाली आणखी चार कुटुंबं. आणि एका आईनं विचारलं होतं की जंगल बंद असताना पक्षीवाली ताई असतात का, म्हणजे आम्ही पुढच्या महिन्यातच येऊ.

मालकानं वही मिटली. “उघडं ठेवू, मॅम. हिचं नेमणूकपत्र लिहा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे.”

“पत्र मराठीत लिहीन,” मी म्हटलं. “ते हिला वाचता आलं पाहिजे.”

मी लगेच लिहिलं, स्वच्छ अक्षरात, समास सोडून. पक्षीवालीनं ते उभ्यानं वाचलं. पहिल्यांदा भरभर, मग बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं.

“हे काय लिवलं? ‘सहायक’?”

“उपक्रम सहायक. पद आहे ते तुझं.”

“कोनाची सहायक?”

“माझी.”

“तुमी पक्षी वळखता का, मॅडम?”

“नाही.”

“मंग?”

मालक खोकल्यासारखं करून खिडकीबाहेर बघायला लागला. मी तो कागद घेतला, फाडला, आणि नवा लिहिला. ‘पक्षी व निसर्ग मार्गदर्शक, कायम, बारमाही.’ तिनं पुन्हा सगळं वाचलं, माझं पेन घेतलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता. सही वाळेपर्यंत तिनं कागदावर फुंकर घातली.

“उद्या किती जन आहेत?” तिनं विचारलं.

“तीन. एक आजोबा आणि दोन मुली. ते एक दिवस जास्त राहिलेत.”

“आजोबाले चढ जमन का?”

“गुडघे दुखतात त्यांचे.”

“मंग तलावाच्या बाजूनं नेईन. तिकडं जांभळ्या पाणकोंबड्या आल्या आहेत.” तिनं पत्राची घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली. “पन सहाले नाई, मॅडम. साडेपाचले. फळ्यावर दुरुस्त करा.”

मी उठले आणि खडू घेतला.